माईकचं बटण दाबण्याआधी

पत्र :
सर, नमस्कार. मी भुसावळला राहते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय फिजिक्स. गेल्या दिवाळीपासून यूट्यूबवर लोक घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवताना बघते आहे. त्यांना रेडिओवर सूचना देणारे कंट्रोलरसुद्धा खरी माणसंच असतात, हे कळल्यापासून झोप उडाली आहे. मलाही यात यायचंय. पण लॅपटॉप दादाचा आहे, आठ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचलेलं सगळं समजतं, पण अनोळखी माणसांसमोर माईकवर बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर आहेत. ते म्हणतात, हा शेवटी गेमच, अभ्यासाच्या वेळेत नको. सुरुवात कुठून करू? आणि खरं सांगायचं तर मला पायलट नाही, एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय. त्यासाठी याचा काही उपयोग होतो का?
– सायली, भुसावळ

उत्तर :
प्रिय सायली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू अगदी शेवटी लिहिलंस. तुला कंट्रोलर व्हायचंय. मग लॅपटॉपची चिंता जवळजवळ मिटलीच म्हणून समज. ग्राफिक्स कार्ड लागतं ते ढग, डोंगर आणि कॉकपिट दाखवायला. कंट्रोलरच्या पडद्यावर असतात काही रेषा, काही ठिपके आणि ठिपक्यांशेजारी आकडे. यूरोस्कोप नावाचं जे रडारचं सॉफ्टवेअर बहुतेक जण वापरतात, ते फुकट आहे आणि साध्या विंडोज लॅपटॉपवर व्यवस्थित चालतं. दादाचा लॅपटॉप पुरेल.

विमान उडवायला मात्र तो कमी पडेल. मायक्रोसॉफ्टचा 2020 सालचा फ्लाइट सिम्युलेटर कमीत कमी आठ जीबी रॅम मागतो, शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवर दीडशे जीबी जागा. 2024 च्या आवृत्तीला रॅमच सोळा जीबी लागते. त्यांच्या मागे लागून घरात खर्चाचा विषय काढू नकोस. फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर पूर्ण मोफत मिळतो, त्याच्यासोबत सेसना 172 हे चार आसनी विमान येतं, आणि चित्राची प्रत कमी ठेवली तर तुझ्या लॅपटॉपवर शिकण्यापुरतं काम भागेल. कंट्रोलर व्हायचं असलं तरी थोडं उडवून बघायलाच हवं. उतरायच्या तयारीत असलेल्या पायलटचे हात किती गुंतलेले असतात हे ज्याने अनुभवलंय, तो कंट्रोलर नेमक्या त्या क्षणी लांबलचक सूचना देत नाही.

आता ही माणसं भेटतात कुठे ते सांगतो. दोन मोठी ऑनलाइन जाळी (नेटवर्क) आहेत : 1998 साली सुरू झालेलं आयव्हीएओ आणि 2001 साली सुरू झालेलं व्हॅटसिम. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही स्वयंसेवकांवर चालतात. कंट्रोलर, शिकवणारे, सर्व्हर सांभाळणारे, कोणालाच पगार नाही. मी तुला व्हॅटसिम सुचवेन, कारण तिथली कंट्रोलरची शिक्षणपद्धत पायरीपायरीची आहे आणि त्यांच्या पश्चिम आशिया विभागात भारताचा स्वतंत्र गट आहे. दोन्हीकडे एकदम नाव घालू नकोस. नियम सारखेच वाटतात, पण बारीकसारीक फरकांत गोंधळ होतो.

नोंदणी खऱ्या नावाने करावी लागते. त्यानंतर नवीन सदस्यांसाठी एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. ती दिल्याशिवाय जोडताच येत नाही, हे मला फार आवडतं. अभ्यासक्रम सरसर खाली ढकलून परीक्षा उरकणारे पुढे रेडिओवर लगेच ओळखू येतात. तू नीट वाच. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो : जोडताना नावाच्या जागी तुझा सदस्य क्रमांकच दाखवायची मुभा आहे. मुलीचं नाव दिसलं, आवाज ऐकला की नको ती चौकशी करणारा एखादा कुठेही निघतो. क्रमांक वापर. कोणी त्रास दिलाच तर वॉलप हा आदेश टाइप करून पर्यवेक्षकाला बोलावता येतं. त्यात संकोच करायचा नाही, पर्यवेक्षक त्यासाठीच असतात.

आणि मग? मग काही आठवडे माईकला हात लावायचा नाही. नुसतं ऐकायचं.

व्हॅटसिमवर नव्या माणसाचा दर्जा निरीक्षकाचा असतो. यूरोस्कोपमधून निरीक्षक म्हणून आत शिरलीस की चालू असलेली कोणतीही फ्रिक्वेन्सी ऐकता येते. संध्याकाळी मुंबईवर कोणी बसलं असेल तर मुंबई ऐक. नसेल तर रात्री आठनंतर युरोपात गर्दी होते, तेव्हा लंडन किंवा फ्रँकफर्ट लाव. एक वही घे. कंट्रोलरने सूचना दिली की पायलटच्या आधी ती तू लिहायचीस : हेडिंग म्हणजे दिशा किती, उंची किती, रनवे कुठला. मग पायलट तीच सूचना परत म्हणून दाखवतो. त्याच्याशी तुझं पान ताडून बघ. पहिल्या दिवशी अर्धंअधिक निसटेल आणि त्यात तुझ्या मराठी माध्यमाचा काही दोष नाही. कान तयार व्हायला वेळ लागतो. हळूहळू तुझ्या लक्षात येईल की पुढचं वाक्य काय असणार हे तुला आधीच कळतंय, कारण प्रत्येक विमानाशी होणारं बोलणं ठरलेल्या क्रमाने जातं.

तो क्रम एकदा मनात बसला की निम्मी भीती जाते. समजा मुंबईहून एक विमान निघतंय. पायलट आधी एटिस, म्हणजे विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती, ऐकतो. त्यात वारा, दृश्यता, हवेचा दाब, वापरातला रनवे ही सगळी माहिती असते आणि तिला एक अक्षर दिलेलं असतं. माहिती बदलली की अक्षर बदलतं, म्हणून पायलटने ‘इन्फर्मेशन डेल्टा’ म्हटलं की त्याच्याकडे ताजी माहिती आहे की शिळी, हे कंट्रोलरला कळतं. मग डिलिव्हरी नावाची कंट्रोलरची जागा त्याला मार्गाची परवानगी आणि रडारवर विमान ओळखायचा चार आकडी स्क्वॉक कोड देते. त्या कोडमध्ये आठ आणि नऊ हे आकडे कधीच नसतात, कोड शून्य ते सात यांतूनच बनतो. पुढे ग्राउंड त्याला टॅक्सीवेवरून रनवेपाशी नेतो, टॉवर उडायची परवानगी देतो, हवेत गेल्यावर रडारवाला (ॲप्रोच) ताब्यात घेतो आणि पुढे लांबच्या प्रवासातली विमानं सांभाळणारं मुंबई सेंटर. प्रत्येक टप्प्यावर वेगळा माणूस, वेगळी फ्रिक्वेन्सी. मुंबईत तर 09/27 आणि 14/32 हे रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे टॉवरवाल्याची नजर कशी फिरते हे ऐकण्यासारखं असतं. कधी कधी टॉवर, ग्राउंड कोणीच नसतं, फक्त सेंटरवाला एकटा असतो. तेव्हा तोच खालची सगळी कामं करतो. त्याच्याशी बोलताना जरा धीर धरायचा, त्याच्या अंगावर शेकडो मैलांचा पट्टा असतो.

आता इंग्रजीच्या भीतीकडे येतो. सायली, रेडिओवर गप्पा मारायच्या नसतात. तिथे मोजक्या ठरावीक शब्दांची भाषा असते आणि ती कोणाचीच मातृभाषा नाही. पोलंडचा पायलट, ब्राझीलचा कंट्रोलर, सगळ्यांनी ती शिकून घेतलेली असते. अल्फा, ब्रावो, चार्ली ही अक्षरमाला 1956 पासून जगभर चालते, ती पाठ कर. थ्रीला ‘ट्री’, फाइव्हला ‘फाइफ’, नाइनला ‘नाइनर’ म्हणायचं, कारण खरखरीत फाइव्ह आणि नाइन एकमेकांसारखे ऐकू येतात. टॉवर म्हणतो : ‘व्हिक्टर टँगो सिएरा किलो जुलिएट, विंड टू सिक्स झीरो डिग्रीज एट नॉट्स, रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ.’ उत्तर : ‘रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ, व्हिक्टर टँगो सिएरा किलो जुलिएट.’ व्याकरण लागत नाही, काळ चालवावा लागत नाही. लागतो तो ठरलेला क्रम आणि स्पष्ट आकडे.

बोलायच्या आधी कागदावर चार गोष्टी लिहून ठेव : कोणाला हाक मारतेस, तू कोण, कुठे आहेस, काय हवंय. कागदावर बघून बोललं तर कोणाला दिसत नाही. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’, वेळ हवा तर ‘स्टँडबाय’, जमणार नसेल तर ‘अनेबल’. हे तीन शब्द बिनदिक्कत वापर. ‘रॉजर’ मात्र जपून. त्याचा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच. ‘हो’ म्हणायचं असेल तिथे आणि सूचना परत म्हणून दाखवायची असेल तिथे रॉजर चालत नाही, आणि नवशिक्यांची पहिली चूक तिथेच होते. पहिल्याच हाकेत ‘न्यू पायलट, प्लीज स्पीक स्लोली’ असं सांगून टाक. बहुतेक कंट्रोलर लगेच वेग कमी करतात. तेही कधीतरी नवीन होतेच. बोलायला अगदीच धीर झाला नाही तर टाइप करून बोलायची सोय आहे, फ्लाइट प्लॅनमध्ये तशी खूण करता येते. पण तुला कंट्रोलर व्हायचंय, म्हणून त्या सोयीत फार काळ रमू नकोस.

बाबांच्या म्हणण्याचा मला राग नाही आला, उलट वाटलं की हे काम समजून घ्यायला तुझ्या घरात त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. गेटमनला फोनवर फाटक बंद करायला सांगितल्यावर तो खात्रीचा गुप्त आकडा, म्हणजे प्रायव्हेट नंबर, देतो, मास्तर तो परत म्हणतात, रजिस्टरमध्ये लिहितात, आणि मगच गाडी पुढे जाते. विमानाच्या रेडिओवरचं रीडबॅक म्हणजे नेमकं हेच. सांगितलेलं समोरच्याने जसंच्या तसं परत म्हटल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही. एका संध्याकाळी बाबांना शेजारी बसव आणि एक हेडफोन त्यांच्या कानाला दे. पटवायला वाद घालू नकोस, त्यांना ऐकू दे.

ही शिस्त कशातून आली हेही त्यांच्याशी बोल. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट एकाच धावपट्टीवर आदळली आणि 583 माणसं गेली. त्यातल्या केएलएम कंपनीच्या विमानाने परवानगी नसताना धाव घेतली होती. दुसऱ्या, पॅन ॲम कंपनीच्या विमानाचा पायलट ‘आम्ही अजून रनवेवरच आहोत’ असं सांगत होता, पण त्याच क्षणी टॉवरही बोलत होता. दोन आवाज एकत्र आले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये फक्त शिट्टीसारखी कर्कश खरखर पोचली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उडायची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा असा दंडक झाला, बाकी वेळी ‘डिपार्चर’. व्हॅटसिमवरही दोघं एकदम बोलले तर तशीच खरखर ऐकू येते. म्हणून बटण दाबण्याआधी क्षणभर थांबून फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐकायचं, आणि दुसऱ्याला सूचना मिळाली असेल तर त्याचं रीडबॅक होईपर्यंत मध्ये घुसायचं नाही.

आपल्याकडचं चरखी दादरी बाबांना आठवत असेल. 12 नोव्हेंबर 1996, दिल्लीच्या पश्चिमेला. खाली येणाऱ्या कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, समोरून वर चढणाऱ्या सौदी जम्बोला चौदा हजारांवर. कझाक विमान ठरलेल्या पातळीच्या खाली आलं आणि दोन्ही विमानांतली सगळी 349 माणसं गेली. कझाक कॉकपिटमध्ये रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान हाताळणारे वेगळे. आकडा कानांपर्यंत पोचणं आणि तो हातांपर्यंत पोचणं यात जे अंतर पडतं, ते त्या एक हजार फुटांचं होतं. त्यानंतर भारतात विमानांत धडक टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. तुझ्या पडद्यावर कोणी मरणार नाही, हे खरंच. पण सवय मात्र खरीच लागते, चांगली किंवा वाईट.

उडायला लागशील तेव्हा पहिला प्रवास घराजवळचाच कर : जळगाव ते छत्रपती संभाजीनगर. सरळ रेषेत साधारण पासष्ट सागरी मैल, सेसनाला चाळीस मिनिटांच्या आसपास. वाटेत अजिंठ्याची डोंगररांग येते. फ्लाइटगिअरला व्हॅटसिमशी जोडायला स्विफ्ट नावाचं सॉफ्टवेअर लागतं. (पुढे कधी मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर आला तर व्हीपायलट, एक्स-प्लेन आला तर एक्सपायलट.) या दोन्ही विमानतळांवर बहुतेक वेळा कंट्रोलर नसतो. अशा ठिकाणी सगळे 122.800 या फ्रिक्वेन्सीवर आपापला बेत सांगतात : मी या रनवेवरून निघतेय, मी उतरायला येतेय. उत्तराची वाट पाहायची नसते, म्हणून आवाज उघडायला ही उत्तम जागा. जोडताना विमान नेहमी पार्किंगमध्ये ठेव. सिम्युलेटर सुरू होताना विमान आपोआप रनवेवर उभं करतो, आणि तिथे कोणी उतरत असेल तर तू त्याच्या वाटेत उभी राहतेस. नियमाप्रमाणे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ विमान सोडून जायचं नाही, पण सुरुवातीला पाच मिनिटंसुद्धा सोडू नकोस.

उंचीकडे लक्ष दे. संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे एकोणीसशे फुटांवर आहे आणि उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. त्यावर अडीच हजार दिसले म्हणजे जमीन सहाशे फुटांखाली आहे, अडीच हजार नाही. आणि दाबाचा आकडा चुकला, म्हणजे 998 च्या जागी 1008 लावला, तर उंचीमापक खऱ्यापेक्षा पावणेतीनशे ते तीनशे फूट जास्त दाखवतो. म्हणून दाबाचा आकडा रीडबॅकमध्ये म्हणावाच लागतो.

साहित्यात एकच खरेदी कर, तारेचा माईकवाला हेडफोन. लॅपटॉपचा स्वतःचा माईक पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही सगळं उचलतो. बोलायला एक बटण नेमून ठेव आणि ते अडकून राहिलेलं नाही याची खात्री कर. तुझा माईक चालू राहिला तर त्या फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोणीच बोलू शकत नाही. जॉयस्टिक पुढे कधी जमली तर बघ, माऊसवरही शिकता येतं.

कंट्रोलरच्या शिक्षणासाठी भारताच्या गटाकडे अर्ज करावा लागतो आणि शिकवणारे स्वयंसेवक असल्यामुळे वाट पाहावी लागू शकते. पहिला दर्जा एस-वन, त्यात डिलिव्हरी आणि ग्राउंड. मग एस-टू म्हणजे टॉवर, एस-थ्री म्हणजे ॲप्रोच आणि सी-वन म्हणजे सेंटर. प्रत्येक ठिकाणी अभ्यास, सराव आणि परीक्षा. घाई करू नकोस. डिलिव्हरीवर बसून दहा विमानांचे रीडबॅक नीट ऐकणं कंटाळवाणं वाटेल, पण पुढे रडारवर जो कान लागतो तो तिथेच तयार होतो.

खऱ्या नोकरीसाठी याचा उपयोग किती, तर प्रमाणपत्र म्हणून शून्य. व्हॅटसिमचा दर्जा भारतीय विमानतळ प्राधिकरण विचारात घेत नाही आणि तू तो मुलाखतीत मिरवूही नयेस. तयारी म्हणून मात्र बराच. प्राधिकरण ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह या पदावर कंट्रोलर घेतं. आधी संगणकावर लेखी परीक्षा, नंतर आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय आणि वैद्यकीय तपासणी. आवाजाच्या चाचणीत बसलेल्या मुलीने रोज माईकवर स्पष्ट आकडे म्हटलेले असतील तर तिला त्याचा फायदाच होतो. निवडलेल्यांचं प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियात होतं.

पात्रतेतली एक अट मात्र तू आजच तपास. बीएस्सी नुसत्या फिजिक्सवर चालत नाही, पदवीत फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. तू पत्रात फक्त फिजिक्स लिहिलं आहेस. तुझ्या विषयांत गणित नसेल, तर ते घेता येतं का हे कॉलेजच्या कार्यालयात याच आठवड्यात जाऊन विचार, तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरेपर्यंत थांबू नकोस. वयाची मर्यादा खुल्या गटासाठी सत्तावीस आहे आणि भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात निघतेच असं नाही, म्हणून प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अधूनमधून नजर ठेव. अभ्यासाच्या वेळेबाबत बाबांचं बरोबर आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी यासाठी त्यांच्याकडून मागून घे आणि परीक्षेच्या महिन्यात त्याही सोडून दे.